पेट्रोल जिप्सीला एलपीजी किट: आधी काय, मग काय

ओळखीतल्या कुणी गॅसवर केलेली जिप्सी माझ्याकडे दाखवायला आणली की तक्रारी ठरलेल्या असतात. पिकअप नाही. चढावर ठसकते. मधूनच फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. नाहीतर आरसीवर गॅसची नोंदच नाही आणि विम्याचा दावा अडकलाय. बॉनेट उघडून पाहिलं तर किट बहुतेक वेळा चांगल्या कंपनीचं असतं, बसवणाराही शिकलेला असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. टाकी आधी विकत घेतली आणि जागा नंतर शोधली. भोकं आधी पाडली आणि कागदांचं नंतर पाहिलं. इंजिन आजारी असताना गॅस जोडला आणि सगळा दोष गॅसला दिला.

म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. उदाहरण मारुती जिप्सीचं घेतलंय, कारण नागपुरात आणि पेंच, उमरेडच्या रस्त्यांवर जुनी पेट्रोल फोर बाय फोर म्हटलं की तीच जास्त दिसते. किट बसवण्याचं काम अधिकृत फिटरकडूनच करून घ्यायचं आहे, घरी करण्याचं हे काम नाही. पण शेजारी उभं राहून काय बघायचं, कुठे हात धरायचा, हे मालकाला माहीत असलं पाहिजे.

## टप्पा १: तुमचं इंजिन कोणतं आहे ते नक्की करा

जिप्सी दोन प्रकारची मिळते. जुन्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, २००० सालानंतरच्या जिप्सी किंग एमपीएफआयच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचा स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या. सालावर विसंबू नका. जुन्या गाड्यांमध्ये इंजिनं बदललेली असतात. बॉनेट उघडून स्वतः बघा: वर कार्ब्युरेटर आहे की इंजेक्टरची रेल.

कार्ब्युरेटरच्या गाडीला मिक्सरचं किट लागतं. त्यात इंजिन हवा ओढतं आणि तिच्यासोबत मिक्सरमधून गॅस ओढला जातो. एमपीएफआयला सिक्वेन्शियल किट घ्या, ज्यात प्रत्येक सिलिंडरला गॅसचा स्वतंत्र इंजेक्टर असतो. पैसे वाचवायला एमपीएफआय गाडीला मिक्सर लावून देणारे अजूनही भेटतात. तसं करू नका. एमपीएफआयच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, गॅस आणि हवेचं मिश्रण साठून राहतं, आणि एकच बॅकफायर (ते मिश्रण तिथेच पेटणं) एअर फिल्टरचा डबा फाडायला पुरेसा होतो.

जिप्सी सोडून दुसरी गाडी असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या थारचं पेट्रोल इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो आहे. त्यात पेट्रोलचा इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात असतो आणि पेट्रोल वाहत असतं म्हणून तो थंड राहतो. साधं गॅस किट लावून पेट्रोल बंद केलं की तो भाजून निघतो. जिम्नीचं इंजिन साध्या पोर्ट इंजेक्शनचं आहे, पण गाडी नवी असेल तर वॉरंटीबद्दल आधी लेखी विचारा.

तपासा: आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा. चासी नंबर गंजून पुसट झाला असेल तर तेही आत्ताच मार्गी लावा, कारण पुढे आरटीओत तो तपासला जाणार आहे.

## टप्पा २: पंप आणि हिशोब

गॅसचा भाव बघण्याआधी पंप बघा. तुमची गाडी रोज ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर चालू असलेला ऑटो एलपीजीचा पंप आहे का? मोबाईलवरच्या नकाशात दिसणारे काही पंप कधीच बंद पडलेले असतात, तेव्हा स्वतः जाऊन पाहा. रांग किती असते, कोणत्या वेळी गॅस संपतो, हे तिथल्या ऑटोवाल्यांना विचारा, ते खरं सांगतात. शहराच्या एका टोकाला राहायचं आणि पंप दुसऱ्या टोकाला, असं असेल तर प्रत्येक वेळी गॅस भरायला जाण्यातच बचत जाते.

आता हिशोब. एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे लिटरमागचं अॅव्हरेज साधारण १५ ते २५ टक्क्यांनी उतरतं. हे कोणत्याही किटने टळत नाही. समजा तुमची जिप्सी पेट्रोलवर १० देते, तर गॅसवर ८ धरा. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गॅस ६२ रुपये. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १० रुपये ४० पैसे, गॅसचा ७ रुपये ७५ पैसे. बचत २ रुपये ६५ पैसे. किट, टाकी आणि बसवणूक मिळून ४०,००० गेले तर ते फिटायला १५,००० किलोमीटर लागतात. यात आजचे भाव टाकून तुम्हीच आकडा काढा.

वर्षाला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या, फक्त रविवारी रामटेकला जाणाऱ्या गाडीला हे पैसे फिटायला ५ वर्षं लागतील. अशा मालकाला मी सरळ सांगतो की हा खर्च करू नका, तेच पैसे इंजिनावर घाला. रोज ६०-७० किलोमीटर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

## टप्पा ३: इंजिन आधी पेट्रोलवर ठणठणीत करा

हाच टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात, आणि मागाहून येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर जी कमजोर कॉइल, जी चिरलेली प्लगवायर निभावून नेत होती, ती गॅसवर उघडी पडते. मालकाला वाटतं गॅस खराब. दोष आधीपासून होता, पेट्रोल तो झाकत होतं.

या क्रमाने करा:

१. कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही सिलिंडरच्या दाबाचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून खाली असेल तर तिथेच थांबा. आधी व्हॉल्व्ह की रिंग, ते शोधा.

२. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट). गॅसमध्ये पेट्रोलसारखा ओलावा नसतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटची झीज जास्त होते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. म्हणून सुरुवातीची मापं वहीत लिहून ठेवा. पुढे तुलना करायला तीच लागतील.

३. प्लग, प्लगवायर, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर. प्लग नवे घाला आणि त्यांची फट थोडी कमी, ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू करा. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर सगळा सेट बदला.

४. कूलिंग. द्रव गॅसची वाफ करण्यासाठी रेड्युसर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. रेडिएटर अर्धा बुजलेला, थर्मोस्टॅट कुणीतरी काढून फेकलेला आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी, अशा गाडीत रेड्युसर धड गरम होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे. तो परत बसवा. गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडे आहे, ते शोधा.

५. एअर फिल्टर आणि व्हॅक्युमचे पाईप. फाटका पाईप म्हणजे मोजमापाबाहेरची हवा, आणि मग ट्यूनिंग कधीच जमत नाही.

थांबा: हे सगळं झाल्यावर गाडी किमान ३०० किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आयडलिंग स्थिर, चढावर ठसका नाही, पाण्याचा काटा जागेवर, असं झालं तरच पुढे जा.

## टप्पा ४: टाकीची जागा, टाकी घेण्याआधी

साध्या कारमध्ये स्टेपनीच्या खड्ड्यात गोल चकतीसारखी टाकी बसते. जिप्सीत स्टेपनी मागच्या दारावर असते, खड्डाच नाही. तरी लोक स्वस्त मिळाली म्हणून गोल टाकी घेऊन येतात.

मग गाडीच्या खाली? जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसला एक शाफ्ट, तिथून पुढच्या अॅक्सलला एक आणि मागच्याला एक, असे तीन शाफ्ट खाली फिरत असतात. शिवाय सायलेन्सर, पेट्रोलची टाकी आणि वरखाली होणारे पाटे. उरलेल्या जागेत टाकी कोंबली तर ग्राउंड क्लिअरन्स जातो, आणि पहिल्याच नाल्यात दगड टाकीवर आपटतो. आंतरराष्ट्रीय ईसीई आर-६७ नियमात टाकी जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर उंच हवी, त्याहून खाली असेल तर पुरेसं संरक्षण हवं, असं सांगितलंय. जिप्सीचा मूळ क्लिअरन्सच २१० मिलिमीटर. म्हणजे खाली वावच नाही.

राहिली आतली जागा. पुढच्या सीटच्या मागे, आडवी, नळकांडी टाकी. मागे बाकडी असतील तर एका बाजूची काही जागा जाईल, ते मान्य करा. अगदी मागच्या दाराला खेटून टाकी लावू नका. मागून धडक बसली तर पहिली तीच सापडते, आणि वजन मागच्या अॅक्सलच्या पलीकडे गेल्यामुळे चढावर पुढची चाकं हलकी पडतात.

आता मुख्य मुद्दा. जिप्सीची बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते. खराब रस्त्यावर चासी पिळते तेव्हा बॉडी आणि चासी एकमेकांच्या संदर्भात हलतात. टाकीच्या स्टँडचे दोन पाय बॉडीला आणि दोन चासीला बोल्ट केले, तर ती हालचाल सगळी त्या स्टँडवर येते आणि काही महिन्यांत वेल्डिंगला तडे जातात. सगळे पाय एकाच ठिकाणी हवेत. बॉडीला लावायचे तर पत्र्याच्या खालून जाड लोखंडी पट्टी किंवा प्लेट हवी. नुसता वॉशर पत्रा फाडून वर येतो.

किती मजबूत? वर सांगितलेल्या आर-६७ नियमात कारच्या वर्गासाठी असं आहे की भरलेली टाकी पुढच्या दिशेला स्वतःच्या वजनाच्या २० पट ओढ सहन करून जागेवर राहिली पाहिजे, आडव्या दिशेला ८ पट. ४० लिटरच्या टाकीत ८० टक्के म्हणजे ३२ लिटर गॅस, साधारण १७ किलो. टाकीचं लोखंड २५ किलो धरलं तर एकूण ४२ किलो. त्याच्या २० पट म्हणजे ८४० किलो, आणि ती ओढ तुमच्या पाठीच्या दिशेने. हा आकडा फिटरला सांगा आणि मग त्याने आणलेले बोल्ट बघा.

तपासा: पुठ्ठ्याचा टाकीच्या मापाचा साचा करून जागेवर ठेवा. सीट मागे सरकते का? व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का? टाकीवरची पाटी वाचता येते का? हे जमलं की मगच टाकीचं माप सांगा.

## टप्पा ५: किट, कागद आणि आरटीओ

गाडी गॅसवर करता येते, पण मंजूर किटनेच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५-सी, हा त्याचा आधार. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी असते. त्या प्रमाणपत्राची प्रत पैसे देण्याआधी मागा आणि दोन गोष्टी वाचा: मंजुरीची मुदत चालू आहे का, आणि तुमच्या इंजिनची क्षमता व प्रकार तिच्यात बसतो का. "भाऊ, होऊन जाते, टेन्शन नका घेऊ," हे उत्तर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

टाकीवर आयएस १४८९९ ही खूण, निर्मात्याचा क्रमांक, पाण्याची क्षमता आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. गॅस टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. मंजुरीच्या गावात राहून विनामंजुरी टाकी बसवण्याचं काही कारण नाही. जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल तर तिच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची, तारीख पाहा. ५ वर्षं उलटली असतील तर टेस्ट करून घेतल्याशिवाय ती गाडीत चढता कामा नये.

काम सुरू करण्याआधी तुमच्या आरटीओत जा. एमएच-३१ शहर, एमएच-४० ग्रामीण, एमएच-४९ पूर्व. गाडी जिथे नोंदली आहे तिथेच. "वाहनात बदल" या सेवेखाली काय काय लागेल ते विचारून यादी लिहून घ्या. सहसा आरसी, विमा, पीयूसी, किटचं मंजुरीपत्र, टाकीचं प्रमाणपत्र, फिटरच्या अधिकृत परवान्याची प्रत आणि पक्कं बिल लागतं. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. गाडी पर्यटनाच्या परमिटवर असेल तर परमिटचं आणि जंगलाच्या गेटवरचं आधीच विचारा, नंतर गाडी दारात उभी राहते.

थांबा: घरगुती लाल सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणं हा २००१ च्या एलपीजी वापर नियमन आदेशाखाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा गॅस गल्लीत, मोटर लावून, बंद खोलीत भरला जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही. जमिनीवर पसरतो, गटारात उतरतो आणि ठिणगीची वाट बघत थांबतो. नागपुरात कोणी तुम्हाला हा "जुगाड" सांगितला तर तिथून गाडी काढा.

## टप्पा ६: बसवणूक, शेजारी उभं राहून

पहिलं काम: बॅटरीची वायर काढलेली हवी. त्यानंतर टाकी, मग पाईप, मग रेड्युसर, मग इंजिनाकडचं, आणि वायरिंग सगळ्यात शेवटी. वायरिंगपासून सुरुवात करणारा फिटर पुढे पाईपसाठी तीच वायर बाजूला ओढतो.

टाकी आणि व्हॉल्व्ह. मल्टीव्हॉल्व्हवर, म्हणजे टाकीत गॅस भरणं, थांबवणं आणि बाहेर सोडणं सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हवर, गॅसबंद डबा बसतो आणि त्यातून जाड नळी गाडीच्या फरशीतून खाली बाहेर निघते. व्हॉल्व्हला कधी गळती झालीच तर गॅस आत न साचता बाहेर जावा, म्हणून ही सोय. "सॉफ्ट टॉप आहे, हवा खेळती आहे, याची गरज नाही" असं म्हणून हा डबा गाळला जातो. पावसाळ्यात पडदे बंद करून बसता तेव्हा हवा खेळती नसते. नळीचं खालचं तोंड सायलेन्सरपासून दूर हवं आणि चिखलाने बुजणार नाही अशा ठिकाणी.

पाईप. तांब्याचा पाईप चासीच्या आतल्या कडेने न्यायचा, तिन्ही शाफ्टपासून दूर, दर दीड-दोन फुटांवर रबर लावलेल्या क्लिपने धरलेला. एक्झॉस्टपासून किमान १०० मिलिमीटर अंतर. तेवढं मिळत नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल. जिथे पाईप बॉडीवरून चासीवर उतरतो आणि जिथे रेड्युसरला जातो, तिथे एक मोकळा वेटोळा ठेवायला सांगा. सरळ ताणलेला पाईप हालचाल झेलू शकत नाही, जोडाशी चिरतो. हे मला माझ्याच गाडीवर कळलं. पहिल्यांदा किट बसवलं तेव्हा एका गॅरेजने पाईप शाफ्टच्या वरून नेला होता. उभ्या गाडीत चार बोटं अंतर दिसत होतं. उमरेडकडच्या एका पांदणीत मागचं चाक वर चढलं, शाफ्ट वर आला आणि पाईपचं वरचं प्लॅस्टिक घासून तांबं उघडं पडलं. वास आला नाही, गळती झाली नाही, पण आणखी दोन खेपा गेल्या असत्या तर काय झालं असतं ते मी सांगायला नको.

भरण्याचं तोंड. बाहेरच हवं. मागच्या बंपरवर लावलं तर चिखल त्याच्यावरच उडतो, म्हणून घट्ट टोपण आणि शक्य तर बॉडीच्या बाजूला वर.

रेड्युसर. इंजिनवर नको, बॉडीच्या पत्र्यावर हवा. रेडिएटरच्या पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षा खाली, नाहीतर त्यात हवा अडकते आणि गॅसवर जाताच तो बर्फासारखा गार पडतो. मिक्सरच्या किटमध्ये डायफ्रामचा (आतल्या रबरी पडद्याचा) चेहरा गाडीच्या लांबीला समांतर ठेवतात, म्हणजे ब्रेक मारताना गॅसचा दाब हलत नाही.

ईसीयू (किटचा इलेक्ट्रॉनिक मेंदू) आणि वायरिंग. पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी ईसीयू जितका उंच लावता येईल तितका लावा, जोड खाली तोंड करून. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

तपासा: चावी चालू करा, इंजिन सुरू करू नका. गॅसचा सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) "टक" करून उघडला तर काही सेकंदांत परत बंद झाला पाहिजे. इंजिन थांबलं की गॅस थांबला पाहिजे, चावी चालू असली तरी. गाडी उलटली आणि चालक चावीपर्यंत पोचू शकला नाही, तेव्हा हाच सोलेनॉइड कामाला येतो. ही चाचणी पास झाल्याशिवाय टाकीत एक थेंबही गॅस जाऊ देऊ नका.

## टप्पा ७: पहिला गॅस आणि गळती

आधी नायट्रोजनच्या दाबाने जोड तपासायचे, मग गॅस. पहिल्या खेपेला ५ ते १० लिटरच भरा. टाकी पूर्ण भरून गळती सापडली तर ती रिकामी करणं हे मोठं संकट होतं.

पंपावरून थेट गॅरेजात जाऊ नका. मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, खड्डा किंवा गटार जवळ नको. साबणाचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा: भरण्याचं तोंड, मल्टीव्हॉल्व्ह, फिल्टर, सोलेनॉइड, रेड्युसर, रेल. प्रत्येक जोडाला मिनिटभर बघत राहा. बारीक गळतीचे बुडबुडे मोहरीएवढे आणि हळू येतात. काडी पेटवून गळती बघणारा माणूस दिसला तर त्याला तिथून दूर करा.

८० टक्क्यांचा नियम आपल्यासाठी विशेष आहे. टाकीतला द्रव गॅस १५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापला की दहा टक्क्यांहून जास्त फुगतो. मे महिन्यात हवाच ४५ अंश असते, उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त. वरची २० टक्के मोकळी जागा या फुगण्यासाठी आहे. मल्टीव्हॉल्व्ह आपोआप थांबवतो. पंपावर "अजून दोन लिटर जाईल" म्हणून झटके द्यायला सांगू नका. ४० लिटरच्या टाकीत ३२ पेक्षा जास्त जाऊ लागलं तर तो व्हॉल्व्ह बिघडलाय, त्याच दिवशी दाखवा.

## टप्पा ८: ट्यूनिंग

गाडी पेट्रोलवर पूर्ण गरम करा. त्यानंतरच गॅसला हात.

सिक्वेन्शियल किटमध्ये लॅपटॉप लावून आधी आयडलिंगवर कॅलिब्रेशन, मग रस्त्यावर. फिटरला शेजारी बसवा. एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर चालवा आणि पेट्रोल इंजेक्टरची वेळ दोन्हींत सारखी येते का ते पडद्यावर बघा. सारखी आली म्हणजे इंजिनला इंधन बदलल्याचं जाणवत नाहीये. उभ्या गाडीत रेस देऊन "झालं" म्हणणारा फिटर काम अर्धं सोडतोय.

मिक्सरवाल्या गाडीत स्विचच्या मधल्या जागेचा उपयोग समजून घ्या. पेट्रोल बंद, गॅसही बंद. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन अडखळू लागलं की मगच गॅसवर टाका. दोन्ही इंधनं एकदम इंजिनात गेली की प्लग ओले होतात आणि बॅकफायर तिथूनच सुरू होतात. डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग थोडं पुढे घेता येतं, पण गाडी पेट्रोलवरही चालायची आहे. पेट्रोलवर खडखड ऐकू आली तर परत मागे घ्या.

अॅव्हरेज वाढवायला गॅस कमी करून घेणं ही सगळ्यात महाग चूक. मिश्रण पातळ झालं की ज्वलन जास्त गरम होतं, आणि ती उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खातो. साध्या कारपेक्षा फोर बाय फोरला हे जास्त भोवतं, कारण लो गिअरमध्ये वाळूतून किंवा चढावर इंजिन जास्त भाराखाली आणि कमी वेगाने फिरतं, रेडिएटरला वारा मिळत नाही. किलोमीटरमागे दहा-वीस पैसे वाचवून हेड उतरवण्याचा खर्च ओढवून घेऊ नका.

## टप्पा ९: फोर बाय फोर म्हणून चाचणी

किटवाला सपाट रस्त्यावर चाचणी देऊन मोकळा होतो. तुमची गाडी सपाट रस्त्यासाठी घेतलेली नाही.

१. सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण माणसं बसवून. ठसका आला तर थांबून पेट्रोलवर तोच चढ घ्या. पेट्रोलवरही ठसकली तर टप्पा ३ परत वाचा.

२. एक चाक उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवा, खाली वाकून बघा. पाईप, शाफ्ट, पाटे यांत अंतर किती राहिलं? चारही चाकांना हे करा.

३. फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद, लो गिअर) मऊ मातीत १० मिनिटं. लगेच रेड्युसरला हात लावून पाहा: गरम हवा. गार लागला किंवा त्यावर दव धरलं तर त्याच्यातून गरम पाणी फिरत नाहीये.

४. पाण्यातून जाणार असाल तर आधी पेट्रोलवर टाका. ओल्या प्लगवायरींवर गॅसचा बॅकफायर लवकर होतो.

चाचणीनंतर साबणाचं पाणी पुन्हा एकदा सगळ्या जोडांवर. ५०० किलोमीटरनंतर टाकीचे बोल्ट घट्ट करून तिसऱ्यांदा.

## टप्पा १०: नोंद आणि विमा

बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओत कळवायचं असतं. आरसीवर इंधन "पेट्रोल/एलपीजी" असं आलं की काम झालं. पीयूसी दोन्ही इंधनांवर करून घ्या.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर किटची नोंद करून घ्या. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि तृतीय पक्षासाठी ६० रुपये, असा जादा हप्ता चालत आलेला आहे. ४०,००० च्या किटला १,६०० आणि ६०. इतक्या रकमेसाठी नोंद टाळून पुढे आगीचा दावा नाकारला गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

## रोजच्या वापरात

गाडी पेट्रोलवरच सुरू करा, पाणी कोमट झालं की गॅसवर. रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि पेट्रोलची टाकी पाव भरलेली ठेवा. एमपीएफआयचा पंप टाकीत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कोरड्या टाकीत तो जळतो. कार्ब्युरेटरची गाडी महिनोन्महिने फक्त गॅसवर चालवली तर आतले रबर सुकून आखडतात, आणि जंगलात गॅस संपतो त्याच दिवशी पेट्रोलवर गाडी सुरू होत नाही.

दर १०,००० किलोमीटरला टॅपेटची फट मोजा आणि वहीतल्या मापाशी ताडून बघा. एक्झॉस्टची फट प्रत्येक वेळी कमी होत असेल तर सीट झिजतेय. गॅसचा फिल्टर किटच्या पुस्तिकेप्रमाणे बदला, रेड्युसरखालचा बोल्ट काढून साचलेलं काळं तेल इंजिन गरम असताना काढा. भरण्याच्या तोंडावरचा चिखल पंपावर पोचण्याआधी पुसा.

गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये लावू नका. गॅसचा वास आला तर इंजिन बंद, टाकीचा हाती फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, पडदे आणि दारं उघडी. दिवे, पंखा, मोबाईल यांतलं काहीही चालू-बंद न करता माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. हा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कोणत्या दिशेला फिरतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, घरातल्यांना आणि ड्रायव्हरला, एकदा हात लावून दाखवा.

टाकीच्या पुढच्या हायड्रो टेस्टची तारीख डॅशबोर्डच्या आत रंगाने लिहून ठेवा. ५ वर्षं चटकन उलटतात.